प्रार्थनेचा विषय

"प्रभू, आमची एक बहीण आहे. तिचं नाव मी घेत नाही, तू जाणतोस," सुवार्ताताई म्हणाल्या, आणि मी डोळे उघडले.

गुरुवारची दुपार होती. महिला मंडळाची सभा त्या आठवड्यात सुवार्ताताईंकडे होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आम्ही दहा-बारा जणी दाटीवाटीनं बसलो होतो. डोक्यावर पदर नाहीतर ओढणी, डोळे मिटलेले. माझी चार महिन्यांची मुलगी मांडीवर झोपली होती. आतून चहाच्या आधणाचा वास येत होता.

"त्या बहिणीला लेकराला आंघोळ घालताना वाईट चित्रं दिसतात, प्रभू. लेकरू पायावर असतं आणि तिला वाटतं, आपण हात सोडले तर? सैतान तिच्या कानाशी लागलाय, बापा. त्या निष्पाप लेकराला तू सांभाळ."

"सांभाळ, प्रभू," बायका म्हणाल्या. कुणीतरी नाक ओढलं.

मंडळात तान्हं मूल असलेली मी एकटीच होते. नाव न घेण्याचा तो उपकार नेमका कुणावर होता, हे मला अजून कळलेलं नाही.

मी एकेकीकडे पाहिलं. मिटलेल्या पापण्या, हलणारे ओठ. मग भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाईंकडे नजर गेली. त्यांचेही डोळे उघडे होते. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मुलीच्या मानेखाली असलेल्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.

आमेन झालं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उठून माझ्याजवळ आल्या. "दे तिला इकडं. हात अवघडला असेल तुझा."

हात अवघडला नव्हता. मी मुलगी दिली. मग चहा आला, बिस्किटं आली. कपबश्या फिरवता फिरवता सुवार्ताताई माझ्यापाशी वाकल्या, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "बरं वाटलं ना?"

सुवार्ताताई म्हणजे माझी नणंद, प्रबोधची थोरली बहीण. नगरच्या आमच्या मिशन कंपाउंडात त्यांचं घर आमच्या घरासमोरच. कंपाउंडात थट्टा चालायची की पेपर उशिरा आला तरी बिघडत नाही, सुवार्ता वेळेवर येते. या थट्टेला मीही हसलेली होते. पण सोलापूर सोडून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पायरीवर बसून माझ्याशी गप्पा मारणारं माणूस त्याच होत्या. माझ्या डोहाळ्यांत त्यांनी चिंचा फोडून दिल्या. बाळंतपणात रात्रीची जागरणं त्यांनी केली. मूल होण्याआधीच ठरलं होतं की बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता त्याच होणार, बाळाला हातात धरून पाळकांसमोर त्याच उभ्या राहणार.

म्हणून त्यांना सांगितलं. पायरीवर मेथी निवडत होतो. मी म्हटलं, ताई, मला एक होतंय. तिला पायावर घेतलं की माझ्या डोळ्यांसमोर येतं, माझेच हात बाजूला होतात आणि ती पाण्यात तोंडावर पडते. मी तसं करणार नाही, मला ते करायचं नाही, ते नुसतं दिसतं. मग मी तिला इतकी घट्ट धरते की तिच्या दंडावर माझी बोटं उठतात. मराठी घेऊन एम.ए. केलेली मी, पण त्या गोष्टीला माझ्याकडे शब्द नव्हता. सांगताना मेथीची जुडी हातात चुरगळली होती.

"कुणाला बोलू नका, ताई."

"वेडी आहेस का? हे तू, मी आणि प्रभू, तिघांतच राहील."

ते तिघांतच राहिलं म्हणायचं. फक्त तिसऱ्याला सांगताना त्यांनी आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी विसणून न्हाणीत गेले, तर आई आधीच पाटावर पाय पसरून बसलेल्या. "आजपासून मी घालते. तू टॉवेल धर." मी दारात टॉवेल धरून उभी राहिले. त्या दिवसापासून मुलगी झोपायलाही त्यांच्याच खोलीत गेली. पाजायची वेळ झाली की त्या तिला घेऊन यायच्या आणि पिऊन होईपर्यंत समोर बसून लसूण सोलायच्या. इतका लसूण आमच्या घरात कधी लागत नव्हता. शिलाई मशीनच्या खणातली कात्री एक दिवस दिसेना. ती मला कपाटावर, मागच्या बाजूला सापडली. मी ती तिथंच ठेवली.

चर्चच्या फाटकापाशी मंडळातल्या बायका "सलाम" म्हणायच्या, मग आईंच्या कडेवरच्या मुलीकडे नजर टाकायच्या आणि मला विचारायच्या, "आता बरं आहे ना?" मी त्यांच्या प्रार्थनेचा विषय झाले होते. चौकशी करायचा त्यांना हक्कच होता.

आणि मला त्या शब्दाची भीती बसली. सोडणे. घरात तो शब्द दिवसातून किती वेळा बोलला जातो हे तोवर लक्षात आलं नव्हतं. नळाला पाणी सोडा, केस सोड, कुत्र्याला सोडलं का, शाळा सुटली का. मुलगी जवळ असताना तो शब्द कानावर पडला की माझ्या तळव्यांना घाम यायचा, जणू कुणी माझ्या हातांना हुकूम केला. मी स्वतः तो टाळायला लागले. "पाणी चालू करा," म्हणायचे. प्रबोध म्हणाला, तू हल्ली पुस्तकातल्यासारखी बोलतेस.

प्रबोध मिशनच्या शाळेत गणित शिकवायचा. त्याला मी सगळं सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत बसला.

"ताईनं प्रार्थनाच केली ना? शिव्या तर नाही दिल्या."

"मी मागितली नव्हती प्रार्थना."

"पण मग आधी मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्यानं खरोखर विचार केला. माणूस प्रामाणिक आहे. "ताईला विचारलं असतं," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "सोडून दे ना, शुलू."

बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरलेला होता. त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी जेवताना आईंनी विषय काढला. बाप्तिस्मा झाला की शुलमिथनं, म्हणजे मी, महिनाभर सोलापूरला आईकडे जावं. झोप नाही, अंगात रक्त नाही, विश्रांती मिळेल. त्या मऊ आवाजात बोलत होत्या. मी म्हटलं चालेल, मुलीचे कपडे मी दोन दिवसांत काढून ठेवते.

"ती इथं राहील," आई म्हणाल्या. "डब्याच्या दुधावर वाढतात की लेकरं."

मी प्रबोधकडे पाहिलं. तो आमटीत भाकरी कुस्करत होता. भाकरीचा पार लगदा झाला तरी कुस्करत होता.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली. बोलायला शिकले तेव्हापासून ती पाठ आहे. त्यात ती ओळ येते, आम्ही इतरांना सोडलं आहे तसं तू आम्हाला सोड, म्हणजे माफ कर, अशा अर्थाची. व्याकरण शिकलेली मी, पण त्या ओळीतला काळ मला त्या रविवारी पहिल्यांदा दिसला. आम्ही सोडू, सोडायचा प्रयत्न करतो, असं नाही त्यात. सोडलं आहे. काम झालेलं आहे, आता मागतो आहोत. दोन बाक पुढं सुवार्ताताईंचा पदर दिसत होता, त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. शेजारी आईंच्या मांडीवर माझी मुलगी होती. मी तोंड मिटून घेतलं आणि आमेन होईपर्यंत उघडलं नाही.

मंगळवारी पाळकसाहेब घरी आले. पाटोळेसाहेब म्हणजे निवृत्तीला टेकलेला, बशीत चहा ओतून पिणारा माणूस. आई मुलीला घेऊन आत गेल्यावर ते म्हणाले, "परवा एका ओळीला थांबलीस तू."

"प्रार्थनेत तुमचे डोळे उघडे असतात?"

"पाळकाला ठेवावे लागतात. नाहीतर झोपलंय कोण ते कसं कळणार?" त्यांनी बशी फुंकली. "धर्ममाता म्हणून सुवार्ताचंच नाव लिहू ना?"

"नको."

"बरं."

मी वाट पाहिली. मग मीच म्हटलं, "मला वाटलं तुम्ही म्हणाल, सोडून दे."

"ते सगळ्यांनी म्हणून झालं असेल. माझी भर कशाला?" त्यांनी बशीतला घोट घेतला. "त्या ओळीला जी थांबते ती निदान खोटं बोलत नाही. आम्ही बाकीचे घडाघडा म्हणून मोकळे होतो. फक्त एक बघ. तिथं 'सोड' आहे, आणि पुढच्याच ओळीत 'सोडव' आहे. वाइटापासून सोडव. तुला ते हवंय असं मला दिसतंय. पण तू आधीच्याच ओळीला बसून राहिलीस."

त्यांनी रिकामी बशी कपाखाली ठेवली, आतल्या खोलीकडे बघून "सलाम, बाई" म्हटलं आणि गेले.

नाव कापल्याची बातमी समोरच्या घरात पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुवार्ताताई आल्या, तेव्हा आई मुलीला घेऊन डोस द्यायला दवाखान्यात गेल्या होत्या. ताई बसल्या नाहीत.

"मला काढलंस म्हणे."

"हो."

"एवढं काय वाईट केलं मी? बाजारात जाऊन सांगितलं का? प्रभूलाच सांगितलं ना?"

"प्रभूला कमी ऐकू येतं का, ताई?"

 मग त्या माझ्यासमोर खाली, फरशीवरच बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"त्याच सतरंजीवर," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी किती वर्षं मागितलं बायकांनी, तुला माहीत नाही. आमच्या सुवार्ताबहिणीची कूस उघड. दर गुरुवारी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान खाली घालून आमेन म्हणायचे. मग त्या कंटाळल्या आणि बंद केलं. ते बंद झालं ना, ते जास्त लागलं."

त्यांनी पदर बोटावरून उलगडला.

"माझी प्रार्थना ऐकली की रडू येतं म्हणतात सगळ्या. त्या दिवशी सभा माझ्या घरी. सगळ्या वाट बघत होत्या. आणि माझ्याकडे मागायला काही नव्हतं गं. तुझंच होतं."

"म्हणजे ती माझ्यासाठी नव्हतीच."

"सुरुवात तुझ्यासाठी होती," त्या म्हणाल्या. "मग बायका रडायला लागल्या."

त्या खरं बोलत होत्या, आणि खरं ऐकून मला आणखी वाईट वाटलं. तोवर मी त्यांच्या बाजूनं काहीबाही रचत होते, घाबरल्या असतील, बाळाची काळजी वाटली असेल. तसं काही नव्हतं. माझं दुःख चांगलं वठलं, एवढंच. मी त्यांना सोलापूरचं सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. आईंनी त्यांनाही सांगितलेलं नव्हतं.

"लेकराला इथं सोडून?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी बोलते आईशी. आत्ता बोलते."

"तुम्ही काही बोलू नका," मी म्हटलं. "रविवारी सकाळी लवकर या. पाणी ओतायला."

"कुणाला?"

"मी आंघोळ घालणार आहे तिला. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत ना, मग तुम्हीच बघा."

यात क्षमा वगैरे काही नव्हती. मला साक्षीदार हवा होता, आणि ज्या तोंडानं ते सांगितलं त्याच तोंडाला गप्प उभं राहून बघायला लावायचं होतं.

रविवारी आईंच्या आधी मी न्हाणीत जाऊन पाटावर बसले. पाय पसरले. सुवार्ताताई घंगाळापाशी तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. आई मुलीला घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"शुलू, ऊठ. चर्चला उशीर होईल."

"आज मी घालते, आई."

"ऊठ म्हणते ना."

"आई, मी आहे इथं," सुवार्ताताई म्हणाल्या. आवाज खाली होता. इतका खालचा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दे तिला."

आईंनी मुलगी माझ्या पायांवर ठेवली, पण त्या दारातून हलल्या नाहीत. मी तेल लावलं. तिनं माझ्या नडगीवर टाचा आपटल्या. पहिला तांब्या पडला आणि ते चित्र आलंच. माझे हात बाजूला होताहेत, ती पालथी पडते आहे. माझी बोटं तिच्या दंडात रुतायला लागली. ती रडायला लागली. दारातून आईंचा पाय पुढं आला.

मी मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. भक्तीनं म्हटली असं म्हणवत नाही. बुडणारं माणूस हाताला येईल ते धरतं, तशी ती तोंडात आली. डोळे मी मिटले नाहीत. 'रोजची भाकर दे' ही ओळ झाली आणि पुढची आली, आणि आवाज अडकला. सुवार्ताताईंचा तांब्या वरच थांबला. त्यांना कळलं होतं मी कुठं थांबले ते. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर काही मागणं नव्हतं. तांब्यातून थोडं थोडं पाणी सांडत होतं.

त्यांच्याकडे बघतच मी ती ओळ म्हटली. म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती खरी नव्हती. संपेपर्यंत किती खरी झाली, ते मला सांगता येणार नाही. पण 'सोडलं आहे' म्हटलं. 'सोड' म्हटलं. मुलगी पायावर, पाणी वाहतंय, आणि तो शब्द मी माझ्या तोंडानं उच्चारला. माझे हात जिथं होते तिथंच होते. उलट बोटं जरा सैल झाली, तिच्या दंडावरचे पांढरे ठसे पुन्हा गुलाबी होताना मला दिसले. ती रडायची थांबली. मग 'सोडव' म्हटलं, आणि तिथं मात्र मला रडू आलं.

"पाणी," मी म्हटलं. सुवार्ताताईंनी तांब्या ओतला.

आंघोळ झाल्यावर टॉवेल घेऊन पुढं आलेल्या आई होत्या. मुलीला गुंडाळता गुंडाळता, आमच्या दोघींकडे न बघता त्या म्हणाल्या, "प्रबोधच्या वेळी मला विहिरीवर व्हायचं तसं. मी त्याला पाठीशी लुगड्यानं बांधून घ्यायचे, दोन गाठी मारून. मगच पाणी शेंदायचे. कुणाला बोलले नाही कधी." मग म्हणाल्या, "म्हणून तर त्या दिवशी माझा जीव घाबरला."

सुवार्ताताई आईकडे बघतच राहिल्या. त्यांच्या घरातली ही एक बातमी त्यांनाही नवीन होती.

"सोलापूरला जायचं तर जा," आई म्हणाल्या. "तिला घेऊन जा. डब्याचं दूध महागही फार आहे."

हे सगळं घडलं त्याला आता सात वर्षं होतील. मुलगी दुसरीत आहे, आणि माझ्या पायावर आंघोळीला आता तिचा भाऊ असतो. त्या चित्रांना नाव असतं, ती पुष्कळ आयांना दिसतात आणि त्यावर उपचार आहे, हे मला नंतर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी औषध घेतलं, आणि कंपाउंडातल्या दोन पोरींना त्यांच्याकडे घेऊनही गेले. सुवार्ताताईंशी माझं बरं आहे. त्यांच्याकडे मी डबा पाठवते, त्या माझ्याकडे पाठवतात. गुपित मात्र मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. गुरुवारच्या सभेत त्यांची पाळी आली की त्या आधी डोळे उघडून माझ्याकडे बघतात, मग बोलतात. माझे उघडेच असतात.

बाप्तिस्म्याच्या त्या रविवारी, आंघोळीनंतर, चर्चमध्ये पाण्याच्या कुंडापाशी आम्ही उभे राहिलो. मुलगी माझ्याकडे होती, पांढऱ्या झबल्यात. सुवार्ताताई आपल्या नेहमीच्या जागी, खाली बाकावर होत्या. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "लेकरू कोण धरणार?"

प्रबोधनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं काही ठरवलेलं नव्हतं, मीही नाही.

"सुवार्ताताई," मी म्हटलं.

मंडळीत कुजबुज झाली. त्या बाकांमधून पुढं आल्या, पायात जोडवी वाजत होती. त्यांनी हात पुढं केले. मी मुलगी त्यांच्या हातांवर ठेवली, पण तिच्या मानेखालचा माझा हात निघेना. तळव्याला घाम आला. पाळक थांबले, सगळं चर्च थांबलं.

सुवार्ताताई माझ्या कानाशी वाकल्या. इतकं हळू बोलल्या की ते माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नसेल.

"सोड आता, शुलू. मी धरलंय तिला."

मी हात सोडले.